मांगी-तुंगीची वंदना आणि आईंचा नियम



गेल्या माघात आम्ही मांगी-तुंगीला जाऊन आलो. आल्या आल्याच मंडळातल्या दोघी-तिघी म्हणाल्या होत्या, की याबद्दल लिही. लिहायला वर्ष लागलं. कारण प्रवासाचं वर्णन करायचं तर त्यात माझ्या आणि आईंच्या (म्हणजे माझ्या सासूबाईंच्या) मधली एक गोष्ट येणार होती, आणि त्यांना न विचारता ती लिहिणं मला बरं वाटेना. परवा विचारलं. दळण निवडता निवडता त्या म्हणाल्या, "लिही. पण मला मोठं करू नकोस." तेवढं सांभाळून लिहिते.

आपण जालन्याचे लोक सपाटीवरचे. घराच्या गच्चीवरून पाहिलं तर दूरपर्यंत शेतं आणि कारखान्यांची धुराडी दिसतात. त्यामुळे डोंगरावरच्या तीर्थाला निघायचं म्हटलं, की घरात आधी गुडघ्यांची चर्चा होते. आईंचं वय अडुसष्ट, उजवा गुडघा गेली पाच-सहा वर्षं कुरकुरणारा. ह्यांनी सुचवलं, की मांगी-तुंगीच्या ऐवजी सपाटीवरचं एखादं क्षेत्र करू. आई एवढंच म्हणाल्या, "नको. मांगी-तुंगीच."

तयारी नेहमीसारखीच. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची असल्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी ताजं पीठ दळलं. दशम्या, मेथीचे ठेपले, भाजके मुरमुरे, मूगडाळ आणि तांदूळ वेगळे. पाण्याचं गाळणं, छोटा गॅस, एक पातेलं. दशम्या दोन प्रकारच्या केल्या: आमच्यासाठी गुळाच्या, आईंसाठी बिनगुळाच्या. हे लिहून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आमच्या घरात आई गोड खात नाहीत. सणाला पुरणाचा घाट त्या स्वतः घालतात, सगळ्यांना आग्रहाने वाढतात आणि स्वतःच्या ताटात साधी पोळी घेतात. कुणी आग्रह केलाच तर म्हणतात, "मला चालत नाही." लोकांना वाटतं साखरेचा आजार असेल. मलाही वाटायचं. मग सात-आठ वर्षांपूर्वी मीच त्यांना रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट अगदी चांगला आला, आणि त्या दिवसापासून माझ्या मनातली गाठ आणखी घट्ट झाली.

गाठ अशी. धाकट्याच्या बाळंतपणात माझ्या माहेरून डिंकाचे लाडू आले होते. आईंनीही केले होते. मी आईंच्या देखत म्हणाले होते, "लाडू तेवढे माझ्या आईच्याच हातचे." पंचविशी-तिशीतल्या पोरीचं बोलणं, पण बोलले खरी. त्यानंतर थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की आई माझ्या हातचं गोड खात नाहीत. मी धरून चालले, की तो राग आहे. त्या दुसऱ्यांकडेही गोड खात नव्हत्या, हे मला दिसत होतं. पण मनाला जे पाहायचं असतं तेच ते पाहतं. मीही मग त्यांना विचारायचं सोडलं. श्रीखंड केलं तर त्यांच्यासमोरून वाटी फिरवायची नाही, असा माझा मानभावीपणा. बारा वर्षं चालला.

पहाटे गाडीने निघालो. संभाजीनगर, वैजापूर, येवला असं करत मनमाडच्या अलीकडे अंकाई-टंकाईचे जोडडोंगर दिसायला लागले. तिथे थांबायचं आईंनीच काढलं. अंकाईचा किल्ला ट्रेकवाल्या मुलांना माहीत असतो. पण टंकाईच्या पायथ्याशी आपली जैन लेणी आहेत, हे आपल्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. साधारण अकराव्या-बाराव्या शतकातली. वेरूळची इंद्रसभा आपण शाळेच्या सहलीपासून पाहिलेली असते. त्यामानाने ही लहान. पण दारांच्या चौकटींवरचं नक्षीकाम आणि छतातलं कमळ पाहताना मान दुखेपर्यंत खाली घ्यावीशी वाटत नाही. आत इंद्र आहे, अंबिका आहे. नेमिनाथ भगवंतांची ही शासनदेवी. आई तिच्यासमोर बऱ्याच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, गुडघ्याचा अंदाज घेत असतील. खाली उतरताना म्हणाल्या, "जमेल." आणि गाडीत बसल्या.

मालेगाव सोडून सटाण्याकडे वळलं, की बागलाण लागतं. बागुल राजांचा मुलूख म्हणून बागलाण. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा आणि कांद्याच्या चाळी. आपल्या घरात कांदा येत नाही आणि इथे गावंच्या गावं कांद्यावर उभी! धाकटा म्हणाला, "आजी, खिडकी बंद करू का, वास येतोय." आई म्हणाल्या, "अरे, त्यांचं पोट आहे ते. वासाने नियम मोडत नाही." ताहाराबाद गेल्यावर समोर सेलबारीची रांग उभी राहते आणि त्या रांगेच्या डोक्यावर दोन सुळके, जसे कुणी मुद्दाम आणून ठेवलेत. डावा-उजवा कोण, यावरून गाडीत वाद झाला. आई हात जोडून गप्प होत्या.

पायथ्याला भिलवाड. धर्मशाळेत सामान टाकून संध्याकाळच्या आत आटोपलं आणि ऋषभदेव भगवंतांच्या मूर्तीच्या दर्शनाला गेलो. १०८ फूट, डोंगराच्याच अखंड दगडातून कोरलेली. फोटोत पाहिलेली होती. पण तिच्या पायाशी उभं राहिल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो. या मूर्तीची भावना गणिनी ज्ञानमती माताजींनी १९९६ च्या इथल्या चातुर्मासात मांडली आणि पंचकल्याणक झालं २०१६ च्या फेब्रुवारीत. मधली वीस वर्षं या कामात गेली. जगातली सर्वांत उंच जैन मूर्ती म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. मला त्या नोंदीपेक्षा हे जास्त लक्षात राहिलं, की एवढ्या मोठ्या कामाचा पहिला संकल्प एका आर्यिकेचा होता. आई म्हणाल्या, "वीस वर्षं म्हणजे काही फार नाहीत." तेव्हा मी ते बोलणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहिला पेच पडला. धर्मशाळेतले बाकीचे यात्रेकरू पहाटे चारला बॅटऱ्या घेऊन निघाले. शहाणपणाचंच होतं, ऊन चढायच्या आत दोन्ही शिखरं होतात. आई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून तयार होत्या, पण निघेनात. "पायरीवरचं दिसलं पाहिजे. अंधारात पाय कुणावर पडेल सांगता येतं का? वंदनेला जायचं आणि वाटेत जीव चिरडायचे?" ह्यांनी समजावलं, की ईर्यासमिती मुनींना असते, आपल्याला नाही. आई म्हणाल्या, "तेवढी नाही पाळता येत. पण दिसत असताना चालावं, एवढं तर जमतं." आम्ही निघालो तेव्हा सात वाजत आले होते.

पायऱ्या चार हजारांच्या आसपास म्हणतात. धाकट्याने मोजायला घेतल्या आणि सातशेच्या पुढे कुठे तरी चुकला. पायथ्याजवळच शुद्ध-बुद्ध मुनींच्या गुंफा आहेत. तिथे मुनिसुव्रतनाथांचं दर्शन घेतलं आणि चढायला लागलो. पहिला तास गप्पांत गेला. मग आई दर वीस पायऱ्यांना थांबू लागल्या. दोन डोलीवाले आमच्या मागेमागे येत होते. जवळच्याच पाड्यावरचे, एक पन्नाशीचा, एक पोरगेला. मोठ्याने आईंकडे एकदा पाहून वजनाचा अंदाज केला आणि म्हणाला, "आजी, बसा. हळूच नेतो." मीही म्हणाले, "आई, बसा हो. सगळेच बसतात. त्यात कमीपणा नाही."

"कमीपणाचं नाही गं. माझा पायी वंदनेचा नियम आहे."

"कधी घेतलात?"

त्यांनी धाकट्याकडे बोट केलं. "हा झाला त्या वर्षी." आणि काठी टेकत पुढे निघाल्या.

मला एकदम काही उमगलं नाही. पण पाय चालत असताना डोकंही चालत राहतं. त्या वर्षी मंदिरातून मांगी-तुंगीची बस निघाली होती. आईंचं नाव त्यात होतं, बॅग भरलेली होती. निघायच्या आदल्या दिवशी मला त्रास सुरू झाला, सातवा महिना नुकताच संपलेला, आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. मोठी तेव्हा चार वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात होत्या. बस गेली. बॅग कधी रिकामी झाली, हे मी पाहिलंही नाही. पुढे दरवर्षी काही ना काही निघालं: सासऱ्यांचं आजारपण, घराचं बांधकाम, मोठीची दहावी, दोन वर्षं कोरोना.

मांगीवर पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. सुळक्याच्या पोटात ओळीने गुंफा आहेत. महावीर भगवान, आदिनाथ, शांतिनाथ, पार्श्वनाथ. कड्याच्या दगडात कोरलेल्या मुनींच्या मूर्ती, वाऱ्यापावसाने झिजलेल्या, पण ध्यान न मोडलेल्या. आईंनी प्रत्येक ठिकाणी डब्यातल्या अक्षता घेऊन अर्घ्य चढवलं, एकही चुकवलं नाही. परिक्रमा झाली. मग खालच्या खिंडीकडे तोंड करून दगडावर बसल्या आणि लुगडं वर करून गुडघा पाहिला. तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला होता.

समोर तुंगी. मध्ये डोंगराची धार आणि तिच्यावरची वाट. मांगी आणि तुंगी, दोन्ही शिखरं ४३०० फुटांच्या वर. उंचीत फारसा फरक नाही. पण ती वाट, पुन्हा चढण, तिकडची अरुंद परिक्रमा, आणि परत. वर ऊन. वंदना पुरी होईपर्यंत आईंना पाणीही घ्यायचं नव्हतं. ह्यांनी काही न बोलता घड्याळ पाहिलं.

आईंनी ह्यांना आणि धाकट्याला सांगितलं, "तुम्ही दोघं जाऊन या. माझं अर्घ्य घेऊन जा." अक्षतांचा डबा धाकट्याच्या हातात दिला. "रामचंद्रांच्या गुंफेत माझ्या नावाने नको चढवू. तुझ्याच नावाने चढव."

मग आम्ही दोघीच उरलो. तिथून दरी सगळी उघडी दिसते. खाली मोसमच्या खोऱ्यातली शेतं, चौकटी-चौकटींची. पलीकडे डोलबारीची रांग, मुल्हेर आणि त्याच्या मागे साल्हेर. साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाईच्या खालोखाल महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, ते त्याच्याच पायथ्याशी. एकाच नजरेत किती गोष्टी मावतात! तिकडे तलवारींची आठवण आणि इकडे, निर्वाणकांडात आपण रोज म्हणतो तसे, राम, हनुमान, सुग्रीव, नील, महानील आणि ९९ कोटी मुनी मोक्षाला गेले ती जागा.

मी विचारलं, "आई, गोडाचंही तेच का?"

"हो. मांगी-तुंगीची पायी वंदना होईपर्यंत गोड रसाचा त्याग. त्या दिवशी बस गेल्यावर मंदिरात वेदीसमोर घेतला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पुढच्याच महिन्यात सगळ्यांनी मला गाडीत घालून आणलं असतं. धावपळीत. आणि तुला वाटलं असतं, की माझ्यामुळे राहिलं." थोडं थांबून म्हणाल्या, "तुझ्यामुळे राहिलंच होतं. पण ते तुला वाटायला नको होतं."

मी त्यांना लाडवांचं सांगितलं. बारा वर्षं मी काय समजत होते, तेही. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला ते आठवतही नाही. पण तू म्हणतेस तर बोलली असशील. विचारायचं होतंस गं एकदा." आणि मग, "मीही सांगायला हवं होतं. नियम लपवला त्यात थोडा माझा मानही होता. घरात कुणाच्या लक्षात येतं का, ते मी बघत होते."

हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं. त्यांना मोठं करायचं नाही असं ठरलंय, म्हणून हेही लिहिते.

त्या दगडावर बसल्या बसल्या मला बलभद्रांची कथा आठवत होती. श्रीकृष्णांचं निर्जीव शरीर मोहापायी सहा महिने खांद्यावर घेऊन फिरले. अखेर देवाने येऊन भानावर आणलं, तेव्हा त्यांनी इथे, तुंगीवर, त्याचा अंत्यसंस्कार केला आणि दीक्षा घेतली. रामचंद्रांचंही तसंच, लक्ष्मणाचं शव सहा महिने सोडवेना. दोन्ही कथा लहानपणापासून प्रवचनात ऐकलेल्या. दोघेही या एकाच डोंगराशी जोडलेले आहेत, हे मात्र माझ्या तिथेच लक्षात आलं. ते सहा महिन्यांत सावध झाले. मला बारा वर्षं लागली आणि माझ्या खांद्यावर तर फक्त एक लाडू होता.

धाकटा धापा टाकत परत आला. "आजी, झालं! तुंगी झाली!" आईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, उभ्या राहिल्या, तुंगीकडे तोंड करून तीनदा वाकून नमस्कार केला. मग डोलीवाल्यांना बोलावलं. मी चकित होऊन पाहिलं, तर म्हणाल्या, "चढताना पुण्याचा प्रश्न होता. उतरताना गुडघ्याचा आहे." खाली पोचल्यावर ह्यांच्याकडून त्यांनी डोलीवाल्यांना जाऊन-येऊनचे पूर्ण पैसे द्यायला लावले, कारण ते सकाळपासून आपल्या मागे चालले होते. मोठ्याला विचारलं, खांद्याला काय लावता. तो म्हणाला, काही नाही, सवय आहे.

धर्मशाळेत आल्यावर मी घाईघाईने रवा भाजायला घेतला. सूर्यास्ताला अजून वेळ होता. बारा वर्षांनी आईंच्या ताटात शिरा वाढायचा, एवढंच डोक्यात होतं. गूळ चिरत असताना त्या आत आल्या. "कुणासाठी करतेस?"

"तुमच्यासाठी. झाली ना वंदना."

"मांगी झाली. तुंगी राहिली आहे."

मी खूप बोलले. भावाने केलेली वंदनाही वंदनाच, नातवाने तुमचंच अर्घ्य नेलं, शरीर साथ देत नसेल तर सवलत असते, कुणा माताजींना विचारू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सवलत घ्यायची असती तर पहिल्याच वर्षी घेतली असती. नियम मी घेतला, मलाच माहीत आहे काय घेतला." मग मीही म्हणाले, की आजपासून माझाही गोडाचा त्याग, तुमची तुंगी होईपर्यंत. त्यावर मात्र त्या रागावल्या. "देखादेखी नियम घ्यायचा नाही. उद्या चिडचिड करशील आणि दोष मला लागेल. शिरा कर, पोरं दमलीत." मी शिरा केला. तो सगळ्यांनी खाल्ला. आईंनी मुगाची खिचडी खाल्ली, आणि माझ्या हातची खिचडी चांगली होते, असं म्हणाल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

मैत्रिणींनो, यातून काही शिकवण काढायचा माझा विचार नाही. पण तुमच्या घरात कुणी बाई "मला चालत नाही" म्हणत असेल, तर एकदा जवळ बसून विचारा, का चालत नाही. आणि तुमची स्वतःची एखादी यात्रा मुलांच्या परीक्षेनंतर, बांधकामानंतर, अमक्याच्या लग्नानंतर करायची ठरवली असेल, तर तारीख आत्ताच घाला. गुडघे वाट पाहत नाहीत.

आम्ही वर्षभर रोज सकाळी मोती तलावाकडे फिरायला जातो, दोघी. आधी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांगितलेले व्यायाम आई निर्वाणकांड म्हणत म्हणत करतात. एक व्यायाम संपायला निर्वाणकांड किती व्हावं लागतं, याचा त्यांचा हिशोब पक्का आहे. या खेपेला दोन दिवसांची वंदना ठरवली आहे: एक दिवस विश्रांती, मग थेट तुंगी. उजाडल्यावरच निघायचं, हे मी मान्य केलं आहे.

परवा संक्रांत झाली. सगळ्यांना तिळाच्या वड्या दिल्या. आईंच्या वाटीत मी नुसते भाजलेले तीळ घातले आणि वाटी त्यांच्या समोर ठेवली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, चिमूटभर तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "जरा जास्त भाजलेस."

बॅग त्यांनी कालच भरली आहे. यंदा ती कुठे ठेवली आहे, ते मला माहीत आहे.

जय जिनेंद्र.